पिवळी जर्सी आठवतेय का कुणाला?

अंधेरीत निळ्या जर्सीचा जल्लोष सुरू होण्याआधी मुंबईचा एक पिवळा संघ होता. दुसऱ्या श्रेणीतून वर आला, नऊ मोसम टिकला आणि एक दिवस गुपचूप संपला. मुंबई एफसी नावाच्या त्या क्लबची ही गोष्ट. फुटबॉल आवडत असेल तर वाचाच, नसेल तरीही वाचा. कारण गोष्ट तुमच्याच शहराची आहे.

मॅचच्या दिवशी संध्याकाळी घाटकोपरहून मेट्रो पकडून बघा. मुलुंड-भांडुपची मंडळी स्लो लोकलने येऊन घाटकोपरला चढतात, बोरिवली-कांदिवलीचे भिडू अंधेरीला येऊन मिळतात आणि आझाद नगर स्टेशन येईपर्यंत अर्धा डबा आकाशी निळा झालेला असतो. जिना उतरून पाच-दहा मिनिटं चाललात की शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल. फुटबॉलवाल्यांच्या भाषेत मुंबई फुटबॉल एरिना. आत ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’चे ढोल, घोषणा, गळ्यात मफलर, हातात मोबाइल. मुंबई सिटी एफसीचा सामना म्हणजे उपनगरातल्या पोरापोरींसाठी हक्काचा हँगआउट झालाय.

आता तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही एक प्रश्न विचारा. मुंबई सिटीच्या आधी देशाच्या मोठ्या लीगमध्ये मुंबईचं नाव लावून कोण खेळायचं? दहातले आठ जण खांदे उडवतील. एखादा म्हणेल, ‘महिंद्रा ना?’ अर्धं बरोबर. पण थेट ‘मुंबई’ हेच नाव छातीवर घेऊन, पिवळ्या जर्सीत, २००८ ते २०१७ अशी नऊ वर्षं आय-लीग खेळलेला क्लब वेगळाच होता. त्याचंही फॅन मंडळ होतं, ‘यलो ब्रिगेड’. संख्या कमी, आवाज मोठा.

तो क्लब आज नाही. त्याच्या निरोपाचा सामना झाला नाही, कुणी मेणबत्त्या लावल्या नाहीत. तो कसा आला, कसा टिकला आणि का गेला, हे जरा नीट बघूया.

खालच्या पायरीवरून

आधी शिडी समजून घ्या. २००७ साली जुन्या राष्ट्रीय लीगच्या जागी आय-लीग आली. तिच्याखाली दुसरी श्रेणी. नियम साधा. खाली जिंकलात की वर बढती, वर तळाला राहिलात की खाली घसरण. आयपीएल बघून मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला याची सवय नाही. आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच झगमगाटात परत येतो. इथे तसं नव्हतं. इथे शेवटचा क्रमांक म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न.

याच २००७ साली एस्सेल समूहाने मुंबई एफसी सुरू केला. हो, तेच एस्सेल. बोरिवलीहून गोराईच्या जेटीवर जाऊन, बोटीत बसून आपण ज्यांच्या एस्सेलवर्ल्डला शाळेच्या सहलीला जायचो, ते. प्रशिक्षक म्हणून इंग्लंडचे डेव्हिड बूथ आले. सुरुवात दुसऱ्या श्रेणीतून. आणि पहिल्याच प्रयत्नात, २००८ मध्ये, मुंबई एफसीने ती दुसरी श्रेणी जिंकली आणि आय-लीगमध्ये बढती मिळवली.

जन्मल्यावर वर्षभरात वरच्या वर्गात! आणि हे कुणी बहाल केलेलं तिकीट नव्हतं, मैदानात कमावलेलं होतं. पुढे जे काही झालं ते वाचताना ही गोष्ट डोक्यात ठेवा.

ऑफिसातला फुटबॉल

पण मुंबईला नव्या क्लबची गरजच का पडली? या शहरात फुटबॉल काय आज आला का? रोव्हर्स कप १८९१ साली इथे सुरू झाला. मेलबर्नच्या १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट‌्ट्रिक करणारा नेव्हिल डिसुझा मुंबईचाच. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट‌्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. वांद्र्याला त्याच्या नावाचं मैदान आहे, आपल्यातल्या कित्येकांनी लोकलने त्या बाजूला जाता-येता नाव वाचलंही नसेल.

मात्र मुंबईचा फुटबॉल बराच काळ ऑफिसांच्या जिवावर चालला. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्रा, एअर इंडिया, रेल्वे, बँका. चांगला खेळणाऱ्या पोराला नोकरी मिळायची. सकाळी सराव, मग कचेरी, संध्याकाळी सामना. आई-वडिलांनाही ते पटायचं, कारण गुडघा गेला तरी महिन्याचा पगार जात नव्हता. तो काळ सोन्याचा होता असं नाही. पण खेळाडूच्या पायाखाली जमीन होती.

या सगळ्यांत मोठा झाला महिंद्रा युनायटेड. १९६२ साली सुरू झालेल्या या क्लबने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. आणि २०१० मध्ये तो बंद झाला. कंपनीने सांगितलं की यापुढे लक्ष शालेय आणि तळागाळातल्या फुटबॉलवर असेल. विचार चांगलाच होता. पण राष्ट्रीय विजेता राहिलेला आपला क्लब असा एका निर्णयात संपू शकतो, हे मुंबईने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग उरला कोण? प्रामुख्याने पिवळ्या जर्सीवाला. महिंद्राकडून नाव कमावलेला स्टीव्हन डायस आणि घानाचा युसिफ याकुबू हे दोघंही पुढे मुंबई एफसीत दिसले. शहरातल्या फुटबॉलचं बरंच ओझं आता या तरुण क्लबच्या खांद्यावर आलं होतं.

चर्चगेटची वारी

क्लबचं घर होतं कूपरेज. मंत्रालयाजवळ, ओव्हल मैदानाच्या पलीकडे. आता जरा उपनगरातून हिशोब करा. बोरिवलीहून फास्ट पकडली तरी चर्चगेटला पोहोचायला तासभर, वर चालणं. मुलुंडहून सीएसएमटी, तिथून पुन्हा पायपीट नाहीतर बस. सुरुवातीच्या वर्षांत सामने बहुतेक दुपारचे. म्हणजे लेक्चर बंक केल्याशिवाय सामना बघणं अवघड, आणि नोकरी करणाऱ्याला तर अशक्यच. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली २०१४ च्या जूनमध्ये. त्याआधी घाटकोपरहून अंधेरीला जाणं म्हणजेसुद्धा एक मोहीम होती, कूपरेज तर लांबची गोष्ट.

त्यात कूपरेजचं नूतनीकरण निघालं. काही काळ मुंबईचा हा संघ ‘घरचे’ सामने पुण्यात, बालेवाडीला खेळत होता. विचार करा, तुमच्या शहराचा संघ आणि त्याला बघायला एक्स्प्रेसवे ओलांडायचा! चाहता तयार होतो तो सवयीने. आज गेलो, पुढच्या शनिवारी मित्राला घेऊन गेलो, त्याच्या पुढच्या वेळी धाकट्या भावाला. ही साखळी जुळायला मैदान एका जागी लागतं. मुंबई एफसीची साखळी जुळायच्या आतच तुटत राहिली.

आज कूपरेजवर कृत्रिम गवत आहे, बसायला बरी सोय आहे. पण शहराची लोकसंख्या उत्तरेला सरकली आणि फुटबॉलचं मुख्य मैदान दक्षिणेला राहिलं. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या होती ९३ लाखांहून अधिक. एवढ्या लोकांच्या दारात त्या वेळी आय-लीगचा एक नेमाचा सामना होत नव्हता.

खालिदची सात वर्षं

या क्लबचा खरा चेहरा म्हणजे खालिद जमील. जन्म कुवेतचा, कारकीर्द मुंबईची. महिंद्रा, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी. दुखापतींनी छळलेला मध्यरक्षक. २००९ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो याच क्लबचा प्रशिक्षक झाला आणि २०१६ पर्यंत राहिला. सलग सात वर्षं! भारतीय फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाची खुर्ची किती डळमळीत असते हे ठाऊक असेल तर हा आकडा किती मोठा आहे ते कळेल.

खालिदचा संघ बघायला रंगतदार होता का? खरं सांगायचं तर नेहमीच नाही. आधी बचाव, मग संधी मिळाली तर वार. समोर मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि गोव्याचे तगडे क्लब, ज्यांच्याकडे इतिहास, चाहते आणि पैसा तिन्ही. इकडे मुंबई एफसी कमी पैशांत, कमी गाजलेल्या खेळाडूंना घेऊन एक-एक गुण गोळा करत बसलेला. बहुतेक मोसमांत संघ गुणतक्त्याच्या खालच्या अर्ध्यात राहिला. दर वर्षी कुणीतरी म्हणायचं, यंदा हे खाली जाणार. आणि दर वर्षी ते वाचायचे.

परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करून पस्तीस मार्क काढणारा आपल्या वर्गात एकजण असतोच. हे तसं वाटेल, पण तसं नव्हतं. हा सगळे क्लास लावून आलेल्यांच्या बाकावर जुनी पुस्तकं घेऊन बसलेला, रोज नियमाने अभ्यास करणारा पोरगा होता. २०१५-१६ मध्ये नऊ संघांत पाचवा क्रमांक आला. क्लबच्या मानाने मोसम झकास झाला होता.

याच काळात जयेश राणेसारखे मुंबईचे खेळाडू इथे घडले. मोठ्या क्लबच्या बाकावर बसून राहण्यापेक्षा इथे खेळायला मिळत होतं. लहान क्लबचा हाच तर उपयोग. तिथे तरुण पोराच्या चुका पोटात घालतात, कारण दुसरा पर्याय परवडत नाही. आणि त्या चुकांतूनच तो तयार होतो.

निळं वादळ

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. मुंबईला नवा संघ मिळाला, मुंबई सिटी एफसी. पहिल्याच मोसमात निकोला अनेल्का आणि फ्रेडी लुंगबर्ग, मालकांत रणबीर कपूर. सामने नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर. २०१६ मध्ये संघ अंधेरीत आला, उरुग्वेचा दिएगो फोर्लान घेऊन. मेट्रोच्या स्टेशनजवळ, संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात. उपनगराला हवं होतं ते सगळं एकदम मिळालं.

यात वाईट काहीच नाही. मुंबई सिटीने पुढे २०२०-२१ मध्ये लीग आणि करंडक दोन्ही जिंकले आणि २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. त्या सामन्यातला विजयी गोल राहुल भेकेचा. मुंबईचा पोरगा.

प्रश्न शिडीचा होता. आयएसएलला खालून वर येणारी शिडीच नव्हती. फ्रँचायझी घ्यायची आणि खेळायचं. म्हणजे मुंबई एफसीने आय-लीग जिंकली असती तरी अंधेरीच्या त्या दिव्यांखाली जायची वाट नव्हती. जाहिरातदार तिकडे, टीव्ही तिकडे, नव्या पिढीचे डोळे तिकडे. एकाच शहरात दोन ‘मुंबई’. एकीकडे बॉलिवूड, दुसरीकडे दुपारचं ऊन. तुम्ही मालक असता तर किती वर्षं पैसे घातले असते, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारा. एस्सेलने जवळजवळ दहा वर्षं घातले, हेही नोंदवायला हवं.

एक मोसम, दोन टोकं

आणि मग आला २०१६-१७ चा मोसम. ही गोष्ट पटकथा लिहून दिग्दर्शकाकडे नेलीत तर तो म्हणेल, फारच फिल्मी आहे.

२०१६ मध्ये खालिद आणि मुंबई एफसी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. खालिद गेला आयजॉल एफसीकडे. मिझोरमचा छोटा क्लब. अख्ख्या मिझोरमची लोकसंख्या सुमारे ११ लाख, आपल्या उपनगर जिल्ह्याच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढी. बरं, हा आयजॉल आदल्या मोसमात घसरण होऊन खाली गेलेला. गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतल्यावर जागा रिकामी झाली म्हणून त्याला परत वर घेतलेलं. म्हणजे काठावर पास. खालिदबरोबर त्या संघात जयेश राणे आणि आशुतोष मेहतासारखे मुंबई एफसीत खेळून गेलेले गडीही होते.

इकडे मुंबई एफसीने संतोष कश्यप यांना आणलं, मोसमाच्या मध्यात त्यांना बदलून स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले. संघ सावरला नाही.

३० एप्रिल २०१७. शिलाँगमध्ये आयजॉलला विजेतेपदासाठी बरोबरी पुरेशी होती. सामना १-१ सुटला. आयजॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातला पहिला राष्ट्रीय विजेता! आणि त्याच गुणतक्त्यावरून बोट खाली-खाली नेत गेलं की दहाव्या, म्हणजे शेवटच्या ओळीत नाव दिसत होतं, मुंबई एफसी.

ज्या प्रशिक्षकाने सात वर्षं या संघाला बुडू दिलं नाही, तो गेला त्याच वर्षी संघ बुडाला आणि तो स्वतः चॅम्पियन झाला. यातून ‘बघा, काढून टाकलं ना, भोगा’ असा सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण फुटबॉल इतका सरळ नसतो. आयजॉलमध्ये खालिदला असं काहीतरी मिळालं जे मुंबईत सात वर्षांत कधी मिळालं नव्हतं. डोंगरउतारावरचं भरलेलं स्टेडियम आणि संघ हरला तर ज्यांची झोप उडते असं एक अख्खं गाव.

घसरण झाल्यावर मुंबई एफसी दुसऱ्या श्रेणीत खेळायला उतरलाच नाही. ज्या पायरीवरून नऊ वर्षांपूर्वी सुरुवात केली होती, तिथे परत पाय ठेवला नाही. संपलं.

आणि तो एकटाच नव्हता. पुण्याकडे बघा. भारत एफसी एक मोसम खेळून गेला. पुणे एफसीने २०१५ च्या सुमारास गाशा गुंडाळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्येच. महिंद्रा धरून सात-आठ वर्षांत महाराष्ट्राने राष्ट्रीय लीगमधले पाच क्लब गमावले. शेवट जवळपास सगळीकडे सारखाच होता. वर कुठेतरी निर्णय झाला, खाली बातमी आली.

कोल्हापूरला असं का होत नाही?

आता गाडी पकडून जरा कोल्हापूरला चला. तिथे पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांच्यात सामना असला की राजर्षी शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. यातला एकही क्लब आय-लीगमध्ये नाही. म्हटलं तर जिल्ह्याची स्थानिक लीग. पण हे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. आजोबा, बाबा आणि नातू एकाच संघासाठी ओरडतात. कधीकधी राडेही होतात, ते वाईटच. पण ‘यंदा कंपनीला परवडत नाही, संघ बंद’ अशी बातमी तिथे ऐकायला मिळत नाही. कारण संघ बंद करायचा अधिकार एका माणसाच्या हातात नाहीच. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा, हा योगायोग नव्हे.

मुंबई एफसीकडे पैसा होता, बऱ्यापैकी खेळाडू होते, प्रशिक्षक तर पुढे सिद्धच झाला. नव्हती ती पेठ. आपल्याकडे गोविंदा पथकाला वस्ती असते, गणपतीला मंडळ असतं, टेनिस बॉल क्रिकेटच्या संघाला चाळ आणि सोसायटी असते. घाटकोपरच्या एखाद्या पथकाचा थर कोसळला तर अख्खी गल्ली हळहळते. फुटबॉल क्लबला मात्र आपण नुसते प्रेक्षक म्हणून भेटलो. प्रेक्षकाचा शो संपला की तो घरी जातो.

दूरदेशीचं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात जॉन्सटाऊन नावाचं पोलाद कारखान्यांचं गाव आहे. तिथला जेट्स हा आइस हॉकीचा संघ खालच्या दर्जाच्या, त्यांच्याकडे ‘मायनर लीग’ म्हणतात त्या स्पर्धांत खेळायचा. त्यावर बेतलेला ‘स्लॅप शॉट’ हा पॉल न्यूमनचा सिनेमा १९७७ मध्ये आला आणि त्याच वर्षी खरा जेट्स बंद पडला. पण १९८८ मध्ये गावात नवा संघ उभा राहिला तेव्हा त्याला नाव दिलं ‘चीफ्स’, सिनेमातल्या काल्पनिक संघाचं! पुढे २०१० मध्ये तोही मालकांनी दुसऱ्या राज्यात हलवला, ती गोष्ट वेगळी. मुद्दा असा की कुणीतरी गोष्ट सांगून ठेवली होती, म्हणून बंद पडलेल्या संघातून अकरा वर्षांनी नवा उगवला.

मुंबई एफसीची गोष्ट कुणी सांगून ठेवलीय?

मग आपण काय करायचं?

‘आता हे वाचून मी काय करू? क्लब विकत घेऊ?’ असं मनात आलं असेल तर थांबा. गोष्ट तिथे संपत नाही.

पहिलं म्हणजे शिडी आता आहे. २०२३ मध्ये आय-लीग जिंकून पंजाब एफसी आयएसएलमध्ये गेला. मैदानात जिंकून वर गेलेला तो पहिला क्लब. मुंबई एफसी बंद पडल्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी दार उघडलं.

दुसरं, मुंबईतून प्रयत्न थांबलेले नाहीत. २००० साली सुरू झालेला केंकरे एफसी वर्षानुवर्षं दुसऱ्या श्रेणीत झगडत राहिला, २०२१-२२ मध्ये आय-लीगमध्ये पोहोचला, २०२२-२३ नंतर पुन्हा खाली गेला. मोठ्या उद्योगसमूहाचं पाठबळ नसताना. तुमच्यापैकी किती जणांनी त्यांचा एक तरी सामना बघितलाय?

तिसरं, मोठ्या दिव्यांवरही फार विसंबू नका. २०२५ मध्ये करारांच्या घोळात खुद्द आयएसएलचा मोसम लटकला आणि देशभरातल्या क्लबांवर पुढे काय, असा प्रश्न आला. तेव्हा लक्षात आलं, वरच्या मजल्यावरचं घरही भाड्याचंच असतं.

मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या लीगचे सामने वांद्र्याच्या त्या नेव्हिल डिसुझा मैदानावर आणि कूपरेजवर होत असतात. बघायला गेलात तर बसायला जागा हमखास मिळेल. बोरिवलीहून वांद्रे, किती वेळ लागतो? रील्स बघता बघता पोहोचाल. तिथे तुमच्याच कॉलेजचा कुणीतरी, तुमच्याच बिल्डिंगमधला कुणीतरी खेळत असेल. त्याच्या संघाचं नाव लक्षात ठेवा. पुढच्या वेळी आणखी दोघांना घेऊन जा.

मास मीडियाला असाल तर कॅमेरा घेऊन जा. प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? कूपरेजच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षं बसलेले काका, महिंद्रा आणि एअर इंडियात खेळून निवृत्त झालेले खेळाडू, यलो ब्रिगेडमधले आता तिशी-पस्तिशीला आलेले दादा लोक, हे सगळे याच शहरात आहेत. त्यांच्याशी बोला, त्यांच्याकडचे फोटो स्कॅन करा, तारखा लिहून घ्या. स्टॅटिस्टिक्सवाले असाल तर स्थानिक लीगचे निकाल नीट मांडून ठेवा. एखाद्या क्लबचा दहा वर्षांचा हिशोब एका जागी सापडणं ही आपल्याकडे चैनीची गोष्ट आहे. आणि खेळणारे असाल तर सोसायटीच्या, वस्तीच्या नावाने संघ नोंदवा. लहान का असेना. त्याचे दहा सभासद असू देत, वर्गणी असू देत, वर्षाला एक सभा असू देत. गणपती मंडळ चालवता येतं तर हेही येतं.

आणि खालिद? तो पुढे नॉर्थ ईस्ट युनायटेडला आयएसएलच्या बाद फेरीत घेऊन गेला, ते जमवणारा पहिला भारतीय मुख्य प्रशिक्षक. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्याची भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून निवड झाली. पाठोपाठ सप्टेंबरात मध्य आशियाई संघांच्या स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक पटकावला. टीव्हीवर तो मैदानाच्या कडेला उभा दिसला की समालोचक आयजॉलची आठवण काढतात. काढायलाच हवी. पण बचाव कसा उभा करायचा, कमी साधनांत सामना कसा वाचवायचा, हे तो ज्या सात वर्षांत शिकला ती वर्षं कूपरेजवरची आणि बालेवाडीतली होती, पिवळ्या जर्सीच्या बाकावरची.

पुढच्या वेळी अंधेरीत निळी जर्सी घालून जाल तेव्हा मध्यंतरात शेजारच्याला एवढंच सांगा, ‘अरे, याआधी एक पिवळा संघ होता, माहितीय का?’ तो विचारेल, कुठला? मग सांगा त्याला सगळं. मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं. पुरेल.

पिवळ्या जर्सीची कुंडली

२००७ : मुंबई एफसीची स्थापना
२००८ : आय-लीग दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद, आय-लीगमध्ये बढती
२००९ : खालिद जमील प्रशिक्षक
२०१० : महिंद्रा युनायटेड बंद
२०१४ : आयएसएल आणि मुंबई सिटी एफसीची सुरुवात
२०१५-१६ : आय-लीगमध्ये पाचवा क्रमांक, मोसमानंतर खालिदचा निरोप
२०१६-१७ : दहावा क्रमांक, घसरण, क्लबचा शेवट